दुर्मीळ कशाला म्हणावे? मराठी दोलामुद्रिते, शिळाछाप आणि जुनी चित्रे

मुद्रणकला पाळण्यात असताना छापल्या गेलेल्या पुस्तकांना ग्रंथशास्त्रात ‘दोलामुद्रिते’ म्हणतात. युरोपात ही मर्यादा इ. स. १५०० पर्यंत धरली जाते, तर मराठीत ती सामान्यतः १८६७ पर्यंत आणली जाते, कारण त्या वर्षीच्या कायद्याने छापील पुस्तकांची सरकारदरबारी नोंद होऊ लागली आणि त्यापूर्वीच्या छपाईचा तसा सलग हिशेब उपलब्ध नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची अपार कष्टांनी सिद्ध केली, ती आजही संग्राहकाचे पहिले साधन आहे; परंतु हाती आलेले एखादे जुने चोपडे कोणत्याच सूचीत नसावे, ही शक्यता या क्षेत्रात कायम जिवंत असते.

जुने ते दुर्मीळ, ही समजूत मात्र बरोबर नाही. १८३१ हे एकच वर्ष घेतले तरी ते ध्यानात येते. त्या वर्षी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले. कोश मोलाचा आणि भक्कम बांधणीचा असल्यामुळे कचेऱ्यांतून व ग्रंथालयांतून जपला गेला. पंचांग मात्र घरोघरी रोज हाताळले जाऊन वर्ष सरताच निरुपयोगी ठरणारी वस्तू. पंचांगे, उजळण्या, मुलांची क्रमिक पुस्तके, पोथ्या आणि जाहिराती ही लोकांच्या सर्वाधिक वापरातली छपाई होती आणि म्हणूनच ती सर्वांत कमी उरली. समाजाने काय वाचले याचा खरा पुरावा तिच्यातच असल्यामुळे, सोनेरी अक्षरांच्या जाड ग्रंथापेक्षा तेलाचे डाग पडलेल्या पातळ पंचांगाला जाणकाराने अधिक मोल द्यावे, हे रास्तच आहे.

शिळाछाप म्हणजे गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने मजकूर उमटवून, पाणी व स्निग्ध पदार्थ एकमेकांत मिसळत नाहीत या गुणाच्या आधारे केलेली छपाई. खिळाछापात, म्हणजे धातूचे सुटे खिळे जुळवून केलेल्या छपाईत, देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी शेकडो निरनिराळे खिळे पाडावे लागत. दगडावर मात्र लेखकूचे वळण जसेच्या तसे उतरत असे, त्यामुळे हस्तलिखित पोथीला सरावलेल्या वाचकाला ती छपाई परकी वाटली नाही. शाईत चरबी असते म्हणून धर्मग्रंथ छापण्यास सनातनी मंडळींचा विरोध होता आणि गणपत कृष्णाजींनी त्यावर चरबीऐवजी तूप घातलेल्या शाईचा तोडगा काढला. ज्ञानेश्वरीदेखील १८४५ मध्ये शिळाछापावरच प्रथम छापली गेली.

ग्रंथ नाहीसे होण्याची परमावधी पाहायची तर गोव्याकडे वळावे लागते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुन्हा आवृत्त्या निघाल्या, आणि तरीही या तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाही. भाविकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे काव्य तेवढे तगले.

कागदाचा न्याय आणखी निराळा. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला जुना हातकागद चिवट असतो, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद आला, त्यातील आम्लामुळे पाने पिवळी पडून मोडू लागतात. म्हणून १८४० च्या सुमाराचे पुस्तक निर्धास्तपणे उलटता येते आणि १९०० च्या सुमाराचे हातातच चुरते. अशा पानाला चिकटपट्टी लावणे हा त्याचा घातच होय, कारण तिचा डिंक कागदात मुरून कायमचा डाग पाडतो. जुनी बांधणी उसवून नवी करताना कडा कापल्या, तर समासातील टिपा आणि मालकांच्या सह्या, म्हणजे त्या प्रतीचा सारा इतिहास, नष्ट होतो.

जुन्या चित्रांच्या छापांनाही हीच दृष्टी लागू पडते. पुण्याच्या पेशवे दरबारात वावरलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९५ मध्ये वारला आणि मुंबई बेटाची त्याची बारा दृश्ये १८०० मध्ये प्रसिद्ध झाली. अशा ताम्रपटावरून काढलेल्या छापाभोवती पत्र्याच्या दाबाने कागदात चौकोनी खळगी उमटते, आणि ती बोटाला जाणवते. पुस्तकातून अशी चित्रे सुटी कापून विकण्याची चाल फार जुनी आहे; पण एका चौकटीसाठी अखंड ग्रंथ पांगळा होतो, म्हणून संग्राहकाने ती कधीही पोसू नये.

राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयातील ओलिओग्राफ, म्हणजे प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून तैलचित्रासारखे दिसावे म्हणून छापलेली चित्रे, घरोघरच्या देवघरांत पोहोचली, धुराने काळवंडली आणि पुढे अडगळीत गेली. १९७२ मध्ये मळवली येथील त्या मुद्रणालयाला आग लागली, त्यामुळे तर विखुरलेल्या प्रतींचे महत्त्व अधिकच वाढले. त्यांच्या आधुनिक नकला ओळखण्यास साधे भिंग पुरते: नकलेत रंगांच्या ठिपक्यांची आखीव जाळी दिसते, मूळ छापात दगडाचा अनियमित कण दिसतो.

रोजच्या वस्तूंविषयीची ही आस्था पुण्याच्या दिनकर केळकर यांच्याइतकी क्वचितच कोणी जोपासली असेल. दिवे, अडकित्ते, कुलुपे आणि स्वयंपाकघरातील भांडी अशा, राजवैभवाशी संबंध नसलेल्या हजारो वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. अकाली गेलेल्या त्यांच्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयाला आहे.

आज मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि कोणत्याही गावातील रद्दीचे दुकान येथे अशी छपाई अजून सापडते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार किमान पंचाहत्तर वर्षे जुनी, ऐतिहासिक वा वाङ्मयीन महत्त्वाची हस्तलिखिते व कागदपत्रे, तसेच किमान शंभर वर्षे जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. मात्र कायदा न सांगणारे एक काम संग्राहकाने खरेदीच्या दिवशीच करायचे असते: वस्तू कोणत्या गावातून, कोणत्या घराण्यातून आणि कोणत्या गठ्ठ्यातून आली, हे वेगळ्या कागदावर पेन्सिलीने लिहून तिच्यासोबत ठेवायचे, कारण विक्रेत्याच्या स्मरणाबाहेर गेलेली ही माहिती पुढे कोणत्याही तज्ज्ञाला परत मिळवता येत नाही.