जोड कोण लावतो?

खेळ आणि पैसा : भाग ७

मागच्या भागात आपण ऑलिंपिक बॉक्सिंगमधले पंच पाहिले. २०१६च्या रिओ स्पर्धेत कोणत्या लढतीला कोणते पंच बसवायचे, इथपासूनच लबाडी कशी सुरू होत होती, हे मॅकलॅरेन यांच्या २०२१च्या चौकशी अहवालाने उघड केलं. तो भाग वाचून सुरगाण्याच्या एका क्रीडाशिक्षकांनी विचारलं, "सर, माझा एक पोरगा चांगला बॉक्सर होईल. पण तो मोबाईलवर बघतो ती पट्ट्यांची, कोटींची बॉक्सिंग. तिथंही असंच चालतं का?"

चालतं. फक्त तिथे खोट बहुतेक वेळा रिंगणात नसते, लढत ठरते त्या टेबलावर असते.

नाशिक जिल्ह्यात गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांची दंगल भरते. अंगापिंडाने जुळणारे दोघे फडातच समोरासमोर उभे करतात, जाणती माणसं न्याहाळतात, इनाम पुकारलं जातं. नूरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली कुस्ती, तिथेही होते, पण जोड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागते आणि काही खटकलं तर लोक गप्प बसत नाहीत. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जोड बंद खोलीत लागते. त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्याकडे बॉक्सरचं नशीब.

अमेरिकन बॉक्सर जेक लामोटाचंच घ्या. १४ नोव्हेंबर १९४७ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो बिली फॉक्सकडून हरला. चौथ्या फेरीत पंचाने लढत थांबवली. प्रेक्षकांना तेव्हाच संशय आला होता, पण लामोटाने कबुली दिली ती १९६०मध्ये, सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीसमोर. आपण मुद्दाम हरलो, असं त्याने शपथेवर सांगितलं. हरण्याचे पैसे मिळाले म्हणून नव्हे. जगज्जेतेपदाच्या लढतीची संधी मिळावी म्हणून. वर त्या संधीसाठी २०,००० डॉलर पदरचे मोजले, हेही सांगितलं. १६ जून १९४९ला ती संधी मिळाली आणि मार्सेल सेर्दाँला हरवून तो विजेता झाला. मला यात सर्वांत जास्त टोचतं ते हे, की तो त्या पदाच्या लायकीचा होता. लायक माणसाला आधी हरून दाखवावं लागलं.

त्या काळी संधी कुणाला द्यायची यावर फ्रँकी कार्बो नावाच्या गुंडाची हुकमत होती. कागदोपत्री त्याचं नाव क्वचितच दिसे, पण मॅनेजर त्याचे आणि आयोजक त्याच्या धाकात. १९६१मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली.

गुंड गेले तशी खोट क्रमवारीत शिरली. आज जगज्जेतेपद देणाऱ्या चार मोठ्या संघटना आहेत : डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. पट्ट्यासाठी कोण लढणार हे त्यांच्या क्रमवारीवर ठरतं आणि लढणाऱ्यांच्या मानधनातून त्या आपलं शुल्क घेतात. म्हणजे जितके पट्टे, तितकी कमाई. १९९९मध्ये आयबीएफचे अध्यक्ष रॉबर्ट ली यांच्यावर क्रमवारीसाठी लाच घेतल्याचा खटला भरला गेला. १९९५च्या फोरमन-शुल्झ लढतीला मान्यता मिळावी म्हणून एक लाख डॉलर दिल्याचं आयोजक बॉब एरम यांनी स्वतः सांगितलं. लाचखोरीच्या मुख्य आरोपांतून ली सुटले. करचुकवेगिरी आणि काळा पैसा पांढरा करण्यासारख्या गुन्ह्यांसाठी त्यांना २२ महिन्यांची कैद झाली. लाच देणारा कबूल करतो आणि घेणारा सुटतो, हे मला अजून पचत नाही.

हे जुनं झालं म्हणावं, तर २०२० आठवा. बॉक्सर टायसन फ्युरीने अँथनी जोशुआशी लढत जुळवल्याबद्दल डॅनियल किनाहानचे जाहीर आभार मानले होते. एप्रिल २०२२मध्ये अमेरिकेने त्याच किनाहानला गुन्हेगारी टोळीचा म्होरक्या ठरवून निर्बंध घातले. त्याने सहसंस्थापक म्हणून उभी केलेली एमटीके ग्लोबल ही बॉक्सरांचं व्यवस्थापन पाहणारी कंपनी त्याच महिन्यात बंद झाली.

अमेरिकेत २०००पासून मुहम्मद अली यांच्या नावाचा कायदा आहे. लढत भरवणाऱ्या आयोजकाचा बॉक्सरच्या मॅनेजरच्या धंद्यात हिस्सा नसावा आणि लढतीतून आपण किती कमावलं हे आयोजकाने बॉक्सरला सांगावं, हा त्याचा गाभा. जुलै २०२५मध्ये या कायद्यात बदल सुचवणारं विधेयक तिथल्या संसदेत आलं. लढती भरवणं, क्रमवारी लावणं आणि पट्टे देणं ही तिन्ही कामं एकाच कंपनीला करता यावीत, अशी त्यात वाट आहे. एका छत्राखाली शिस्त येईल, असं समर्थक म्हणतात. मला ती किल्ली पुन्हा एकाच हाती जाताना दिसते.

आपल्याकडे ५ ऑगस्ट २०१७ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंगने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला दहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं, तेव्हा मराठी घराघरांत व्यावसायिक बॉक्सिंग पोचली. त्या लढतीबद्दल मला कसलीही शंका नाही. प्रश्न तिच्या मागून येणाऱ्या पोरांचा आहे. विजेंदरकडे ऑलिंपिकचं पदक होतं, नाव होतं. पाड्यावरच्या पोराकडे नुसते हात असतात आणि बॉक्सरच्या कराराला अली कायद्यासारखा वेगळा आधार आपल्याकडे नाही.

म्हणून गुरुजी, पोराला थांबवू नका; आधी हौशी स्पर्धा खेळू द्या. पुढे कुणी करार घेऊन आला, तर तो मराठीत वाचून दाखवायला सांगा. मॅनेजर आणि आयोजक एकाच घरचे आहेत का, ते विचारा. सराव, प्रवास, राहणं, डॉक्टर यांचा खर्च मानधनातून कापणार असतील, तर आकडा आधी लिहून घ्या. सुरगाण्याहून द्राक्षबागांवर कामाला जाणाऱ्या माणसाला घेतलेली उचल कशी फिटता फिटत नाही, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. इथलं कर्ज तसंच वाढतं. आणि करार किती वर्षांचा, तो मोडायचा हक्क कुणाला, ही दोन कलमं वकिलाला दाखवल्याशिवाय पोराची सही होऊ देऊ नका.

(पुढील भागात : दहा गुणांची पद्धत आणि तीन पंचांच्या तीन गुणपत्रिका)