वायफायची वाट पाहणारे फोन

खरिपाची पीक पाहणी सुरू झाली की मंठा तालुक्यातल्या माझ्या रिचार्ज-झेरॉक्सच्या दुकानात एकच तक्रार कानावर येते, "ताई, पीक पाहणीचं अ‍ॅप उतरंना." फोन हातात घेऊन बघावा तर रेंज असते, रिचार्जही असतो. प्ले स्टोअर मात्र वायफायची वाट बघत थांबलेलं असतं. आणि तक्रार घेऊन आलेल्या काकांच्या घरीच काय, अख्ख्या आळीत वायफाय नसतं.

प्ले स्टोअरमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं की सेटिंग्ज आणि त्यात नेटवर्क प्रेफरन्सेस सापडतात. तिथं डाउनलोडसाठी 'ओव्हर वायफाय ओन्ली' असेल तर 'ओव्हर एनी नेटवर्क' करायचं. त्याखालची ऑटो-अपडेटची सेटिंग मात्र वायफायवरच राहू द्यावी, नाहीतर न वापरलेली अ‍ॅपं आपलीआपण अपडेट होत दिवसाचं नेट खाऊन टाकतात. घरोघरी वायरचं इंटरनेट असलेल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवून वायफायचे हे नियम केलेले दिसतात. आयफोनवर तर २०१९ पर्यंत २०० एमबीपेक्षा मोठं अ‍ॅप मोबाइल डेटावर उतरवताच येत नसे.

दुसरी अडचण रोजच्या मर्यादेची. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, त्याआधी एक जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास पडायचे. आता बऱ्याच पॅकमध्ये रोज दीड जीबी मिळतो. महिन्याचा हिशेब केला तर तो भरपूर वाटतो, पण सोमवारी उरलेला डेटा मंगळवारी चालत नाही. रात्री बाराला तो बुडतो. घरात फोन एकच. दिवसभर पोरं त्यावर रील बघतात आणि संध्याकाळी बाप शेतातून येईपर्यंत नेट संपलेलं असतं.

"थोडं थोडं चालतंय की," असं लोक म्हणतात. ते थोडं किती, तेही बघा. मर्यादा संपली की बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. ६० एमबीचं अ‍ॅप त्या वेगानं उतरायला दोन तासांहून जास्त लागतात, तेही मध्ये रेंज गेली नाही तर. म्हणून मी सांगते, मोठं काम असेल तर पहाटे उठल्या उठल्या करा, नवा डेटा हातात असतो.

ज्या अ‍ॅपसाठी हा सगळा खटाटोप, ती ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ ला सुरू झाली. सातबाऱ्यावर कापूस, सोयाबीन लागायचं तर शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. पुढं विमा, सरकारी खरेदी, नुकसानभरपाई, सगळीकडं ती नोंद बघतात. नवी आवृत्ती आली की अ‍ॅप पुन्हा उतरवावं लागतं आणि मुदत तर ठरलेली असते. अशा वेळी एका जीबीसाठी वरून टॉप-अप मारणाऱ्या माणसाचं मला फार वाईट वाटतं.

त्यावर एक उपाय आहे, पण फारसा कुणाला माहीत नाही. प्ले स्टोअरच्या 'मॅनेज अ‍ॅप्स'मध्ये 'शेअर अ‍ॅप्स' असतं. दोन फोन जवळ ठेवून एकानं 'सेंड' आणि दुसऱ्यानं 'रिसीव्ह' दाबलं की अ‍ॅप नेट न खर्चता जातं. भावकीत एकानं उतरवलं की बाकीच्यांचं भागतं. अनोळखी माणसानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली एपीके फाइल मात्र कधीच उघडू नका. अशा फायलींमधून बँकेची खाती रिकामी होतात.

पण त्या पहिल्या फोनला तरी नेट हवंच. रेल्वे स्टेशनांवर रेलटेलचं वायफाय रोज अर्धा तास फुकट मिळतं, पण मंठ्यात रेल्वेच नाही, परतूर गाठावं लागतं. केंद्राच्या पीएम-वाणी योजनेत २०२० पासून किराणावाला, चहावालासुद्धा परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो. भारतनेटची तारही कितीतरी ग्रामपंचायतींपर्यंत आली आहे. माझं सरपंच आणि ग्रामसेवकांना एवढंच मागणं आहे, पीक पाहणीच्या दिवसांत पंचायतीचं वायफाय संध्याकाळी दोन तास चालू ठेवा आणि त्याचा पासवर्ड दारावर लावा.