कापूर का उडतो, मीठ का उडत नाही?



आपल्या देवघरात आणि स्वयंपाकघरात तीन पांढरे पदार्थ हमखास सापडतात : कापूर, खडीसाखर आणि मीठ. तिन्ही घन, तिन्ही स्फटिकरूप. पण कापराची डबी उघडी राहिली, तर वड्या दिवसागणिक झिजतात. साखर कढईत तापवली की वितळते, तांबूस होते आणि शेवटी जळते. मीठ मात्र कितीही भाजा. ते तडतडेल, पण वितळणार नाही. असे का? या घनांतले कण एकमेकांना कशाने धरून ठेवतात, हे पाहिले की उत्तर मिळते.

आधी मीठ घेऊ. त्यात सोडियमचे धन आयन आणि क्लोरीनचे ऋण आयन एकाआड एक रचलेले असतात. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम आयन. विल्यम हेन्री ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी १९१३ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना उलगडली. १९१५ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा लॉरेन्स अवघे २५ वर्षांचे होते. मिठाच्या खड्यात ‘सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू’ असा नसतोच. सारा खडा म्हणजे विद्युत आकर्षणाने बांधलेली एकच अखंड जाळी. म्हणून मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते.

साखरेत मात्र सुटे रेणू असतात. प्रत्येक रेणू ४५ अणूंचा, आणि त्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या. या जोड्यांमुळे शेजारशेजारच्या रेणूंमध्ये हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध तसा दुबळा. पण पुष्कळ मिळून पकड घट्ट होते. ही पकड सुटेपर्यंत साखर इतकी तापते, की रेणूच मोडू लागतात. तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो त्यामुळेच.

आता कापूर. त्याचा रेणू २७ अणूंचा, जवळजवळ गोल. त्यात ऑक्सिजनचा एक अणू आहे, पण त्याला हायड्रोजन जोडलेला नाही. त्यामुळे कापराचे रेणू आपापसांत हायड्रोजन बंध करू शकत नाहीत. त्यांना एकत्र ठेवतात ती मुख्यतः व्हॅन डर वाल्स बले. ती इतकी क्षीण, की पृष्ठभागावरचे काही रेणू साध्या खोलीच्या तापमानालाही सुटून थेट हवेत जातात. यालाच संप्लवन म्हणतात. आपल्याला येणारा कापराचा वास म्हणजे नाकापर्यंत पोचलेले कापराचे रेणूच!

इथे उत्तरपत्रिकेत नेहमी होणारी एक चूक सांगतो. ‘कापूर उडतो तेव्हा त्याचे बंध तुटतात’ असे मुले लिहितात. रेणूच्या आतले बंध तुटत नाहीत. सुटते ती रेणूरेणूंमधली पकड. कापराचे रेणू एकमेकांपासून सुटे करायला एका मोलमागे साधारण ५० किलोज्यूल ऊर्जा पुरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला मात्र सुमारे ३५० किलोज्यूल लागतात. डबीतला कापूर उडतो तो भौतिक बदल. आरतीत कापूर जळतो तेव्हा मात्र आतले बंध तुटून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि काजळी तयार होते. तो रासायनिक बदल.

कापूर उडू नये म्हणून आजी डबीत मिरे टाकते. खरे काम करते ते घट्ट झाकण. बंद डबीतली हवा कापराच्या वाफेने भरली, की जितके रेणू सुटतात तितकेच परत वडीवर बसतात, आणि झीज थांबते.

झाकणाचे आणखी एक कारण आहे, आणि ते पालकांनी अवश्य लक्षात ठेवावे. कापराची वडी आणि प्रसादाची खडीसाखर लहान मुलाला सारखीच दिसते. कापूर मात्र विषारी आहे. थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाला किंवा छातीलाही कापूर चोळू नये. मुलाने कापूर खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी घरी उलटी करवण्यात वेळ घालवू नका. कापराचा डबा बरोबर घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठा.

तेव्हा मुलांनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. देवघरात कापूर आणि खडीसाखर शेजारी शेजारी ठेवलेली असतील, तर आईला सांगून कापराची डबी घट्ट बंद करा आणि धाकट्या भावंडांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. आणि तसे का करायचे, हे त्यांनाही समजावून सांगा.