भाकरीने घेतलेली चुलीची परीक्षा

बारामती-इंदापूर भागात कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, साखर कारखाने निघाले. पण ताटातली ज्वारीची भाकरी काही सुटली नाही. ही भाकरी भाजताना तुम्ही कधी चुलीपाशी बसला आहात का?

तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरतो. पाणी सुकत आले की ती उलटते. मग ती तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करतात. आतल्या पाण्याची वाफ होते आणि भाकरी टम्म फुगते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिवट ग्लुटेन नसतो. पाण्याच्या हातामुळे वरचा थर तडकत नाही, वाफ आतच कोंडते. पुढचे काम निखाऱ्यांच्या धगीचे!

पण याच चुलीचा दुसरा हिशेब वाईट आहे. लाकडातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा भाग भांड्याला मिळतो. वेडी बाभूळ, तुरकाट्या, गोवऱ्या अर्धवट जळतात. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात साठतात. डोळे चुरचुरतात, फुप्फुसे बिघडतात. म्हणून १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. अनुदान देऊन देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या.

त्यांतल्या पुष्कळ चुली लवकरच बंद पडल्या. का बरे? बंदिस्त चुलीत ज्वाला भांड्याला चांगली भिडते, हे खरेच. पण तोंड अरुंद ठेवले तर जाड लाकूड आत जात नाही, आणि निखारे बाहेर ओढायला जागाच नाही. मग भाकरी शेकायची कुठे? अनेक ठिकाणी बायकांनी चुलीची तोंडे फोडून मोठी केली. याला कोणी अडाणीपणा म्हणेल. मला तर ती नमुन्यातली दुरुस्ती वाटते. चूल मांडणाऱ्याचे पैसे सरकारकडून येत होते, तेव्हा स्वयंपाक करणारीला विचारायची त्याला गरजच पडली नाही!

२००२ मध्ये हा कार्यक्रम थांबला. आता चूल खपवायची तर गिऱ्हाईक पटले पाहिजे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने महाराष्ट्रातल्या कुंभारांना व छोट्या उद्योजकांना चुली बनवण्याचे आणि विकण्याचे शिक्षण दिले. चुलीची मापे थोडी चुकली तरी ओढ बिघडते, म्हणून साचे वापरले. ‘लक्ष्मी’ चुलीला दोन भांड्यांची सोय आणि धुराडे होते. आपल्या जुन्या चुलीला शेजारचा वैल असतोच. पुढे भाकरी, मागे कालवण, ही सवय त्यात सांभाळली गेली.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसही घरोघर पोचू लागला. तरी काही घरांत परसातली चूल अजून पेटते. तुमच्या ओळखीच्या अशा घरी जा आणि विचारा : गॅस असताना कोणती कामे चुलीवर होतात, आणि का? उत्तरे वहीत उतरवा. त्याखाली चुलीचे चित्र काढून तोंडाची रुंदी मोजून लिहा.