डिस्कचा संच कोलमडला तर हिशेब कसा वाचवावा?

पेठेतला घाऊक व्यापारी असो की छोटा कारखानदार, आज उधारीची खाती, मालाचा साठा, बिले सारे संगणकात असते. जीएसटी कायद्याप्रमाणे हे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून काही पेढ्या एका डिस्कवर न विसंबता चार-पाच डिस्कचा संच बसवतात. त्याला 'रेड' म्हणतात. हा संचच बंद पडला तर काय करावे, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

संचाचे गणित

१९८८ साली अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली. हिशेब साधा आहे. एका डिस्कवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर बेरीज १२ लिहिली, तर दुसरी गेल्यावर १२ मधून ७ वजा करून ५ परत मिळतात. प्रत्यक्षातले गणित थोडे वेगळे, पण तत्त्व हेच. 'रेड ५' संच एक डिस्क गेली तरी चालतो, 'रेड ६' दोन गेल्या तरी.

घात कुठे होतो?

एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, म्हणून लाल दिव्याकडे कोणी पाहत नाही. पुढे नवी डिस्क घातली की उरलेल्या सर्व डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. एरवी कधी न वाचलेला खराब भाग नेमका तेव्हा उघडा पडतो. सर्व डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, सारख्याच झिजलेल्या. दुसरीही बाहेर पडते आणि संच बंद होतो.

अशा वेळी काय करावे?

१) संच ताबडतोब बंद करावा. घाईने नवा संच तयार करण्याची आज्ञा दिली तर जुन्या माहितीवर नवी लिहिली जाते.

२) डिस्क काढण्यापूर्वी प्रत्येकीवर खणाचा क्रमांक लिहावा. हा क्रम हरवला तर जुळणी फार अवघड होते.

३) प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर घ्यावी. 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्राम आधी चांगला भाग उतरवून घेतो आणि खराब भागाकडे मागाहून वळतो. मरणासन्न डिस्कसाठी हाच क्रम योग्य.

४) जुळणीचे सारे प्रयोग नकलांवरच करावेत. जी डिस्क सर्वांत आधी बंद पडली तिच्यावरची माहिती शिळी असते. शक्यतो ती वगळून शेवटी पडलेली जुळणीत घ्यावी.

५) डिस्कमधून खटखट आवाज येत असेल तर ती पुन्हा चालू करू नये. वाचणारे टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. धुळीचा कणही तेथे डोंगराएवढा. अशी डिस्क धूळरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेतच उघडावी. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय तर मुळीच करू नये, आत दमट थेंब साचतात.

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी फी लेखी ठरवावी. मिळालेल्या फायलींची यादी पाहूनच पैसे द्यावेत. ग्राहकांची माहिती गुप्त राहील, हेही लिहून घ्यावे.

आशा सोडू नये, पण

२००३ साली कोलंबिया अंतराळयान कोसळले. त्याच्या अवशेषांत सापडलेल्या जळक्या डिस्कमधून क्रोल ऑनट्रॅक कंपनीच्या तंत्रज्ञांनी ९९ टक्के माहिती मिळवली, आणि त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. डिस्क जळूनही तिच्या तबकड्यांवरचा माहिती असलेला भाग शाबूत होता, म्हणून हे जमले. तबकडीवरचा माहितीचा भागच खरवडला गेला तर तेथली माहिती कोणी परत आणू शकत नाही.

एक गोष्ट आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानात ठेवावी. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. आग, चोरी, व्हायरस किंवा चुकून पुसलेली फाईल साऱ्या डिस्कना एकदमच गाठते. हिशेबाच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक दुकानाबाहेर. आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. जी प्रत उघडतच नाही, ती असून नसल्यासारखी.