ओळीच्या शेवटी एकटा ‘अ’

आमचे कोंढा गाव भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यात आहे. शेजारच्या कोसऱ्याला जोडून लोक ‘कोंढा-कोसरा’ असे एका दमात म्हणतात. हा झाला द्वंद्व समास. बोलताना तो कुणाला अडत नाही. जोडशब्द अडतो तो कागदावर.

गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ साली झाले आणि ‘भूसंपादन’ हा शब्द आमच्या तालुक्यात घरोघर पोचला. एकदा शेजारचे काका जमिनीचा कागद घेऊन आले. म्हणाले, ‘‘गुरुजी, उरलेलं वावरही गेलं ना!’’ अरुंद रकान्यात त्यांच्या गट क्रमांकापुढे ‘संपादित’ असे दिसत होते. मी वरची ओळ पाहिली. तिच्या शेवटी एकटा ‘अ’ बसला होता. शब्द होता ‘असंपादित’, म्हणजे न घेतलेली जमीन. जागा संपली म्हणून कुणीतरी शब्द तोडला होता आणि जोडरेघ दिली नव्हती.

उच्चाराच्या हिशेबाने ‘अ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. अर्थाच्या हिशेबाने मात्र तो एकटा उभा राहत नाही. शब्दाचे हे दोन हिशेब वेगळे असतात. ‘जिल्हाधिकारी’ उच्चारताना जि-ल्हा-धि-का-री अशी पाच अक्षरे पडतात. अर्थाचे तुकडे दोनच: जिल्हा आणि अधिकारी. त्यांचा सांधा ‘ल्हा’च्या पोटात दडला आहे, कारण पहिल्याचा ‘आ’ आणि दुसऱ्याचा ‘अ’ संधीत एकजीव झाले.

डच भाषेत तर कामाला असमर्थ झालेल्या माणसाच्या विम्याला ‘आर्बाइट्स-ऑनखेस्खिक्टहाइट्स-फरझेकरिंग’ असा शब्द आहे. इथे जोडरेघा मी दिल्या. डच लोक तो सलग लिहितात. काम, असमर्थता आणि विमा असे त्याचे तीन भाग. दोन्ही सांध्यांवर ‘स’ची गाठ आहे, तिच्यामुळे जोड ओळखू येतो. असमर्थतेतला नकारही आपल्या ‘अ’सारखाच ‘ऑन’ या छोट्या तुकड्यावर उभा. असा शब्द ओळीच्या शेवटी तोडायचा झाला, तर डच लोक सांधा पाहतात आणि जोडरेघ देतात.

लांब शब्द भेटला की घाबरू नये. शेवटच्या तुकड्यापासून मागे प्रश्न विचारत जावे. ‘भूसंपादन’ म्हणजे संपादन, अर्थात मिळवणे. काय मिळवणे? भूमी. पुढे ‘अधिकारी’ जोडला, तर तो कशाचा अधिकारी? भूसंपादनाचा. सगळेच समास या रीतीने सुटत नाहीत, पण कचेरीतले बरेचसे सुटतात. मात्र सुरुवातीचे ‘अ’, ‘अन्’, ‘गैर’, ‘बिन’ नजरेतून निसटू देऊ नयेत. सगळा अर्थ तेच फिरवतात.

कागद तयार करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘अ’ला त्याच्या शब्दापासून तोडू नका, आणि शब्द तोडावाच लागला तर जोडरेघ द्या. काकांना त्या रात्री झोप लागली, ती मी वरची ओळ वाचली म्हणून. वरची ओळ वाचणारा प्रत्येकाच्या शेजारी असतोच असे नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)