डब्यावरची तारीख

अमेरिकेत 'नर्सिंग होम' म्हणजे आपल्याकडचे छोटे खासगी रुग्णालय नव्हे, तर परावलंबी वृद्धांचे निवासी शुश्रूषागृह. तिथल्या स्वयंपाकघराची तपासणी होते, तेव्हा निरीक्षक फ्रिज उघडून डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचतात.

घरी आपण वास घेऊन ठरवतो: ठेवायचे की टाकायचे. लिस्टेरिया या जिवाणूपुढे नाकाचे काही चालत नाही. बरेचसे जंतू फ्रिजमध्ये निपचित पडतात; हा मात्र तिथेही सावकाश वाढत राहतो आणि अन्नाचा वास, रंग, चव जशीच्या तशी राहते. वृद्धांमध्ये तो रक्तात, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. लक्षणे दिसायला 70 दिवसही लागू शकतात. दोन महिन्यांपूर्वी कुठल्या डब्यातले काय खाल्ले, हे सांगणार कोण?

म्हणून अमेरिकेची आदर्श अन्नसंहिता दिवस मोजायला लावते. शिजवलेले किंवा पाकीट फोडलेले नाशवंत अन्न 5 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली जास्तीत जास्त सात दिवस ठेवता येते, आणि केल्याचा किंवा फोडल्याचा दिवस हाच पहिला. सोमवारचे सूप रविवारी संपले पाहिजे. फ्रीझरमध्ये ही मोजणी थांबते, पण पुसली जात नाही: दोन दिवस फ्रिजमध्ये राहून मग गोठवलेल्या सूपला वितळल्यावर पाचच दिवस उरतात. गोठवून येणाऱ्या पोषक शेकचेही तसेच. अशा अनेक शेकना वितळल्यापासून 14 दिवसांची मुदत असते. बाटली कधी वितळली हे लिहिले नसेल, तर छापील तारीख निरुपयोगी.

अर्थात चिठ्ठी सर्वशक्तिमान नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अशाच शेकमधून पसरलेली लिस्टेरियाची साथ उघड झाली. आजारी पडलेले बहुतेक जण शुश्रूषागृहांत किंवा रुग्णालयांत होते. माल आधीच दूषित असला, तर स्वयंपाकघरातल्या तारखेने काय होणार? तसेच गरम सूपचे खोल पातेले थेट फ्रिजमध्ये गेले, तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. म्हणून ते उथळ ट्रेमध्ये ओतून दोन तासांत 57 वरून 21 अंशांवर आणि पुढच्या चार तासांत 5 अंशांवर आणायचे असते. कच्चे मांस सर्वांत खालच्या कप्प्यात. वरून ठिबकायला नको.

खरी ढिलाई दिसते ती मुख्य स्वयंपाकघराबाहेर, मजल्यावरच्या छोट्या फ्रिजमध्ये. नातेवाईक प्रेमाने आणलेला डबा तिथे ठेवून जातात. बाहेरून आलेल्या अशा अन्नासाठीही संस्थेकडे लेखी धोरण असणे संघराज्याच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. डब्यावर सहसा रहिवाशाचे नाव आणि तारीख लिहून घेतात. तारीख नसलेला डबा टाकून दिला जातो.